माप बोटांना कळावे : नाशिकच्या विभागीय आयुक्तांना खुले पत्र

मा. विभागीय आयुक्त, नाशिक विभाग,
नाशिक रोड.

महोदय,


नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ सालापासून चलनी नोटा छापल्या जात आहेत, आणि आज चलनात असलेली शंभर, दोनशे किंवा पाचशे रुपयांची कोरी नोट हातात घेऊन तिच्या डाव्या-उजव्या कडांवरून अंगठा फिरवला, तर तेथे किंचित उठून आलेल्या तिरप्या रेषा लागतात. शंभराच्या नोटेवर अशा चार रेषा आणि एक त्रिकोण असतो, पाचशेच्या नोटेवर पाच रेषा आणि एक वर्तुळ असते, तर दोनशेच्या नोटेवर चार रेषांच्या मध्ये दोन छोटी वर्तुळे असतात, जेणेकरून ज्याला दिसत नाही त्यालाही नोटेची किंमत दुसऱ्या कोणाला विचारावी लागू नये. या छपाईला उत्कीर्ण छपाई म्हणतात. तिच्यात धातूच्या पत्र्यात खोदलेल्या आकृतीत शाई भरली जाते, मोठ्या दाबाखाली कागद त्यावर दाबला जातो आणि शाई कागदावर बारीक उंचवटा होऊन उभी राहते. आकडा बोटाला वाचता यावा ही सोय नाशिक रोडच्या औद्योगिक परंपरेला अशी चांगली ठाऊक आहे. प्रस्तुत पत्राचा हेतू एवढाच की, हेच तत्त्व आणखी एका आकड्याला, म्हणजे सुताराच्या मापाला, लागू व्हावे आणि त्याची सुरुवात आपल्या कार्यालयाच्या पुढाकाराने नाशिक रोडमध्येच व्हावी.

अंध व्यक्ती आणि सुतारकाम हे दोन शब्द एकत्र आले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम करवत येते, तिचे दात येतात, आणि काळजीच्या सुरात विषय संपवला जातो. प्रत्यक्षात सुतारशाळेच्या दारात अंध विद्यार्थ्याला अडवणारी पहिली वस्तू म्हणजे पट्टीवरची छापील रेघ होय. करवतीची पाळी त्यानंतर पुष्कळ उशिरा येते. ज्याला फळी कोठे कापायची हे स्वतः ठरवता येत नाही, त्याच्या हाती करवत दिली काय आणि न दिली काय, तो दुसऱ्याचा मदतनीसच राहतो. उलट माप स्वतःच्या हाताने घेता आले, ते फळीवर उमटवता आले आणि त्याच मापावर करवत आपोआप येऊन थांबेल अशी मांडणी करता आली, तर कापण्याच्या क्षणी पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही, कारण सगळा निर्णय आधीच झालेला असतो. अनुभवी मिस्त्रीसुद्धा एकाच मापाचे वीस तुकडे कापायचे असले तर वीस वेळा टेप लावत नाही. तो एक अडसर ठोकतो आणि फळी त्याला टेकवून कापत जातो.

माप ही गोष्ट मुळात डोळ्यांची नव्हती, याची साक्ष भाषाच देते. बोट, मूठ, वीत आणि हात ही सारी मापे शरीराची आहेत, आणि बलुतेदारीच्या काळातील गावसुतार चौकटीचे माप घेताना काठीवर खाच पाडून ती काठीच घरी नेत असे. अशा मापकाठीवर आकडा नसतो. लांबी स्वतःच उचलून आणलेली असते, म्हणून वाचण्यात चूक होण्याचा प्रश्न येत नाही. छापील फूटपट्टी आणि गुंडाळता येणारी पोलादी टेप आल्यावर माप हातातून निघून डोळ्यांकडे गेले, आणि ते इतके सहज गेले की मापायचे म्हणजे रेघ पाहायची हे समीकरण कोणाला खटकले नाही. भारतात १९५६ च्या वजन-माप कायद्यानंतर मेट्रिक पद्धती आली, तरी महाराष्ट्रातील सुतारांच्या तोंडी अजून फूट, इंच आणि सूत हीच भाषा आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर. ‘दोन सूत कमी घे’ किंवा ‘करवत एक सूत खाते’ हे शब्द कोणत्याही वखारीत ऐकू येतात. पुढील विवेचनात हीच भाषा मुद्दाम वापरली आहे, कारण कारागिराला जी साधने द्यायची ती त्याच्या बोलीतल्या मापाची असली तरच त्याच्या हाताशी राहतात.

अंध व्यक्तींच्या व्यवसाय-शिक्षणात वेताच्या खुर्च्या विणण्याला आपल्याकडे फार मोठे स्थान मिळाले. त्या कामाने अनेकांना पोटापाण्याला आधार दिला, म्हणून त्याचा अनादर करण्याचे कारण नाही, पण तेच काम का निवडले गेले हे समजून घेतले पाहिजे. खुर्चीच्या चौकटीला ठरावीक अंतरावर पाडलेली भोके आधीच तयार असतात. ती कोणी तरी डोळस सुताराने मोजून पाडलेली असतात आणि वेत फक्त त्या भोकांतून ओवायचा असतो. याचा अर्थ, मोजण्याचे आणि ठरवण्याचे काम डोळसाकडे राहिले आणि ठरलेल्या जागी हात चालवण्याचे काम अंधाकडे आले. बाजारात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यावर वेत मागे पडला, आणि ज्यांना फक्त वेत विणणे शिकवले होते त्यांच्याजवळ दुसऱ्या वस्तूकडे वळता येईल असे कौशल्य उरले नाही. चौकट करणारा सुतार मात्र खुर्ची सोडून कपाटाकडे वळू शकला, कारण माप त्याच्या हाती होते.

याहून मोठी अपेक्षा ठेवणारी परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअर्सन यांनी १९१५ साली लंडनमध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था सुरू केली. तेथे टोपल्या आणि चटया यांच्या बरोबरीने सुतारकामही शिकवले जाई, आणि तेथून बाहेर पडलेले पुरुष तसबिरींच्या चौकटी, तबके आणि लहान फर्निचर स्वतः मोजून तयार करीत. त्याच संस्थेचे नाव घेऊन १९४३ मध्ये डेहराडून येथे भारतीय युद्धांध सैनिकांसाठी वसतिगृह उभे राहिले, आणि १९५० मध्ये तेथेच प्रौढ अंधांसाठी सरकारी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. अमेरिकेत आयोवा राज्याच्या अंधविषयक आयोगाची सूत्रे १९५८ साली केनेथ जेर्निगन यांच्याकडे आली. ते स्वतः अंध होते. त्यांच्या विचारातून घडलेल्या प्रशिक्षण केंद्रांत, उदाहरणार्थ लुइझियानामधील रस्टन येथे १९८५ साली स्थापन झालेल्या केंद्रात, सुतारकाम अभ्यासक्रमाचा भाग आहे, आणि ज्यांना थोडेफार दिसते तेसुद्धा डोळ्यांवर पट्टी बांधून यांत्रिक करवत चालवायला शिकतात. त्यांतले बहुतेक विद्यार्थी पुढे सुतार होत नाहीत, तरीही त्यांना हे शिकवले जाते, कारण धोकादायक समजली जाणारी वस्तू पद्धतीने हाताळता येते हा अनुभव पुढे नोकरीत, स्वयंपाकघरात आणि रस्त्यावरही उपयोगी पडतो. जॉर्ज वुर्टझेल या अंध सुताराने कॅलिफोर्नियात नापा येथील शिबिरात कित्येक अंध मुलांच्या आणि प्रौढांच्या हाती हत्यारे दिली, हेही जगजाहीर आहे.

आता साधनांकडे वळावे, कारण या पत्राचा गाभा तेथे आहे. बोटांनी माप घेण्याचा सर्वांत साधा मार्ग ठोकळ्यांचा आहे. तराजूने तोलणारा किराणा दुकानदार एखादी संख्या वाचून धान्य देत नाही. तो वजने एकावर एक ठेवून बेरीज करतो. त्याच न्यायाने अर्धे सूत, एक सूत, दोन सूत, चार सूत, एक इंच, दोन इंच, चार इंच आणि आठ इंच असे आठ ठोकळे केले, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट, तर अर्ध्या सुतापासून पंधरा इंच साडेसात सुतांपर्यंतचे कोणतेही माप, अर्ध्या-अर्ध्या सुताच्या टप्प्याने, ते शेजारी-शेजारी लावून मिळते. समजा, फळी चौदा इंच तीन सूत लांबीची हवी आहे. कारागीर आठ, चार आणि दोन इंचांचे ठोकळे एकामागे एक टेकवतो, त्यांना दोन सुताचा आणि एक सुताचा तुकडा जोडतो, आणि एवढी रांग करवतीच्या पात्यापासून मागे सरकवून तिच्या टोकाला अडसर घट्ट करतो. मग ठोकळे काढून घेतो आणि त्याच जागी फळी ठेवतो. येथे कोणी कोणतीही रेघ वाचली नाही. बेरीज मात्र झाली, आणि ती अचूक झाली. मोठ्या उद्योगांत हीच कल्पना स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी १८९६ च्या सुमारास पोलादी ठोकळ्यांच्या रूपाने आणली, आणि ज्यांच्यावर कारखान्यांची अचूकता उभी राहिली ते योहान्सन ठोकळे डोळसांनीसुद्धा डोळ्यांनी वाचण्यासाठी बनवलेले नव्हते. ते एकमेकांना टेकवून वापरण्याचे होते.

ठोकळ्यांची मर्यादा अशी की, त्यांच्याने ठरलेले माप लावता येते, पण समोर असलेली अज्ञात लांबी मोजणे त्यांच्याने वेळखाऊ होते. तेथे आटे पाडलेला गज, म्हणजे ज्याच्या पूर्ण लांबीवर स्क्रूसारखे पेच असतात असा लोखंडी दांडा, उपयोगी पडतो. तीन अष्टमांश इंच जाडीच्या, व्हिटवर्थ आट्यांच्या गजावर दर इंचाला सोळा आटे असतात. म्हणून त्यावर बसवलेला नट एक पूर्ण फेरा फिरला की अर्धे सूत पुढे जातो आणि दोन फेऱ्यांत बरोबर एक सूत. नटाला सहा बाजू असतात, तेव्हा एका बाजूएवढा फिरवला तर तो पाव मिलिमीटरहून किंचित जास्त सरकतो, आणि एवढा सूक्ष्म फरक छापील टेपवर डोळ्यांनाही नीट वाचता येत नाही. गजाच्या एका अंगाला कानशीने दर अर्ध्या इंचाला खाच घातली आणि पूर्ण इंचाची खाच दुप्पट रुंद केली, की मोठे अंतर खाचांवरून मोजायचे आणि उरलेले फेऱ्यांवरून. मापायच्या वस्तूच्या एका कडेला गजाचे टोक टेकवून नट दुसऱ्या कडेपर्यंत आणायचा, गज बाजूला घेऊन खाचा आणि फेरे मोजायचे, किंवा काहीच न मोजता तो गज तसाच करवतीच्या अडसराकडे न्यायचा. गावसुताराची मापकाठीच पुन्हा कामाला लागते. अमेरिकेतील अंध कारागिरांत या तत्त्वावरची ‘रोटोमॅटिक’ आणि प्रत्येक अर्ध्या सुताला टिक असा आवाज देणारी ‘क्लिक रूल’ ही साधने रूढ आहेत, पण त्यांसाठी परदेशी मागणी नोंदवण्याची गरज नाही. गज, नट आणि कानस या तिन्ही वस्तू हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

गज विकत घेताना मात्र एक खबरदारी घ्यावी लागते, आणि ती येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण अशा बारकाव्यावरच अशा योजना फसतात. मेट्रिक दहा मिलिमीटरचा गज आणि तीन अष्टमांश इंचाचा गज हाताला जवळजवळ सारखेच लागतात. मेट्रिक गजाचा एक फेरा दीड मिलिमीटरचा असतो, तर इंची गजाचा १.५८७५ मिलिमीटरचा. फरक क्षुल्लक दिसतो, पण एका फुटात १९२ फेरे होतात, आणि चुकीच्या गजाने मोजलेल्या फुटात जवळजवळ १७ मिलिमीटर, म्हणजे पाच सुतांहून अधिक, घट येते. खरेदी करणाऱ्याने तीन अष्टमांश इंचाचा खात्रीचा नट त्यावर फिरवून पाहावा आणि आठ व चार इंचांच्या जोडलेल्या ठोकळ्यांशी १९२ फेऱ्यांचा ताळा घ्यावा. ज्या शाळेत मिलिमीटरच शिकवायचे असेल तेथे सहा मिलिमीटरचा साधा गज घ्यावा. त्याचा एक फेरा म्हणजे बरोबर एक मिलिमीटर, आणि हिशेब सुतापेक्षाही सोपा.

माप घेतले की ते लाकडावर उमटवायचे. पेन्सिलची रेघ अंधाला उपयोगाची नाही, हे खरे. पण चांगल्या जोडकामात ती डोळसालाही फारशी उपयोगाची नसते, कारण तिला जाडी असते. जुने सुतार कुसू घालण्यापूर्वी, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवण्यापूर्वी, आरीने किंवा धारदार सुरीने गुण्याला लावून रेघ कोरतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन. कोरलेली रेघ नखाला लागते, आणि तिचा खरा गुण पुढच्या पायरीत दिसतो: पटाशीची धार लाकडावरून हळूच ओढत आणली की ती त्या रेघेत खट्‌कन बसते, आणि तो बारीकसा धक्का मनगटापर्यंत पोहोचतो. त्याच जागी ठोका पडतो. मार्किंग गेज, म्हणजे फळीच्या कडेला समांतर रेघ ओढणारे खिळ्याचे साधन, तर जन्मापासूनच स्पर्शाचे आहे. त्याचा ठोकळा ठोकळ्यांच्या साहाय्याने लावला की त्यावरचे छापील आकडे पुसून गेले तरी चालते. स्पर्शाची क्षमता किती असते याविषयी स्टॉकहोममधील केटीएच संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. सरकणाऱ्या बोटाला सुमारे १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही ओळखता येतात असे त्यांना आढळले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रंधा मारलेल्या फळीवर हात फिरवून ‘अजून इथे उठाव आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला मात्र हे कोणा संशोधकाकडून कळावे लागले नसावे.

करवतीची मांडणी यानंतर येते. हातकरवतीसाठी तीन बाजूंची पेटी पुरते: तळ, दोन भिंती, आणि भिंतींत नव्वद अंशांच्या व पंचेचाळीस अंशांच्या उभ्या फटी, ज्यांतून पाते वर-खाली न डगमगता चालते. फळी पेटीत, फळीचे टोक अडसराला, पाते फटीत. एवढे झाले की काटकोनाची जबाबदारी पेटीची. यांत्रिक करवतीला, जिला कारखान्यांत टेबल सॉ म्हणतात आणि जिच्यात गोल पाते टेबलातून वर आलेले असते, तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: पाते किती उंच, पात्यापासून आधारपट्टी किती दूर, आणि पाते टेबलाशी कोणत्या कोनात. तिन्ही गोष्टी यंत्र बंद करून, पिन सॉकेटमधून काढून आणि ती पिन कारागिराने स्वतःच्या खिशात किंवा गळ्यात ठेवून करावयाच्या असतात. उंचीसाठी पात्याच्या दोन्ही बाजूंना समान ठोकळे ठेवून त्यांवर एक सपाट पट्टी आडवी ठेवतात आणि पाते वर आणीत, दुसऱ्या हाताने ते हलकेच मागे-पुढे फिरवीत राहतात. वरचा दात पट्टीला खरडल्याचा आवाज आला की उंची ठोकळ्याएवढी झाली. आधारपट्टीसाठी ठोकळा दात आणि पट्टी यांच्या मध्ये धरतात, पण दात आळीपाळीने डावी-उजवीकडे कललेले असतात, म्हणून पट्टीच्या बाजूला कललेला दात निवडावा लागतो, अन्यथा प्रत्येक तुकडा थोडा अरुंद पडतो. कोनासाठी गुण्या पात्याच्या सपाट अंगाला, दातांना न टेकवता, लावतात आणि मधल्या फटीत कागदाची कड शिरते का ते पाहतात. येथे पाहणे हा शब्द रूढीने आला. कागद शिरला की नाही हे बोटच सांगते.

यंत्र सुरू झाल्यावर हातांचा मार्ग ठरलेला असावा लागतो. टेबलावर पात्याच्या चारही बाजूंना सुमारे वीतभर अंतरावर उठावाची पट्टी चिकटवली, तर बोटांना सीमा कळते. त्या पट्टीच्या आत हात कधीच जात नाही, लाकूड ढकलायचे ते ढकलकाठीने किंवा पकड असलेल्या ठोकळ्याने. पात्यावरचे झाकण आणि पात्यामागची पातळ पट्टी, जी कापलेल्या फटीला मिटू न देऊन लाकूड उलटे फेकले जाण्यापासून रोखते, या दोन गोष्टी डोळस कारागीर घाईत काढून ठेवतात. अंध विद्यार्थ्यांच्या शाळेत त्या काढणे शक्यच होणार नाही अशा बसवाव्यात. आणखी दोन अडचणी आपल्याकडच्या परिस्थितीतून येतात. पहिली विजेची. काम चालू असताना वीज गेली आणि बटण तसेच सुरू राहिले, तर वीज परतताच पाते आपोआप फिरू लागते, आणि तोपर्यंत कोणी हात पुढे केलेला असू शकतो. यासाठी वीज गेल्यावर स्वतःच बंद होणारे आणि पुन्हा हाताने दाबल्याशिवाय सुरू न होणारे बटण असते. ते बसवण्याची सक्ती प्रत्येक सुतारशाळेत असावी, मग विद्यार्थी डोळस असो वा अंध.

दुसरी अडचण कानांची, आणि ती सोपी नाही. मोटर बंद केल्यावर पाते लगेच थांबत नाही. अंध कारागीर त्याच्या उतरत्या आवाजावरून ते थांबल्याचे ओळखतो. यंत्राच्या गोंगाटाने श्रवणशक्ती खालावते म्हणून कान झाकणे आवश्यक आहे, पण कान पूर्ण झाकले तर हीच खूण नाहीशी होते, आणि ज्याची दृष्टी गेली आहे त्याची श्रवणशक्ती जाणे हे तर दुहेरी नुकसान आहे. यावर उपाय यंत्रातच करावा लागतो: बटण बंद होताच काही क्षणांत पाते थांबवणारा ब्रेक, आणि पाते खरोखर थांबल्यावरच टेबलावरची एक छोटी खुंटी वर येईल अशी योजना. अशी खुंटी तयार मिळत नाही. ती करावी लागेल. नाशिकसारख्या कारखान्यांच्या शहरात हे काम अवघड ठरू नये. मराठीत बोलणारी मोजमापाची साधनेही अशीच घडवावी लागतील, पण बोलत्या टेपचा उपयोग घरी पडद्याचे कापड मोजताना होतो. करवतीच्या आवाजात तो होत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात मांडता येते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६, हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम १९ नुसार सर्वसाधारण व्यवसाय-प्रशिक्षणाच्या योजनांत दिव्यांगांना सामावून घेणे आणि त्यांना पुरेसे साहाय्य व सुविधा देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्याच कायद्यात वाजवी सोयीसुविधा ही संकल्पना आहे, म्हणजे समोरच्यावर अवाजवी भार न टाकता एखाद्या व्यक्तीसाठी करावयाचे योग्य फेरबदल. आठ ठोकळे आणि एक गज यांना कोणीही अवाजवी भार म्हणू शकणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दृष्टिबाधितांची संख्या सुमारे ५ लाख ७४ हजार होती, आणि २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. तेव्हा धोरणाची पार्श्वभूमी तयार आहे.

आपल्या कार्यालयाकडेच हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, ज्या संस्थांनी एकत्र यायला हवे त्या सगळ्या आपल्या परिघात आहेत आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या विभागांखाली आहेत. सातपूरला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, आणि सातपूरलाच नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचे कार्यालय आहे; एकीकडे यंत्रे आणि निदेशक, दुसरीकडे ब्रेल आणि स्पर्श यांचे ज्ञान. नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात सुतारकामाचा विभाग असून तेथे फर्निचर तयार होते; लाकूड कसे निवडावे, वाळवावे आणि मोठ्या संख्येने एकसारखे तुकडे कसे कापावेत, हे तेथील कारागीर व निदेशक जाणतात. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावी असे शासनाचे आदेश आहेत, आणि महानगरपालिकेचे विभागीय कार्यालय नाशिक रोडला आहे. या चार ठिकाणच्या जबाबदार व्यक्तींना एका टेबलाभोवती बोलावण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांइतका सहजपणे दुसऱ्या कोणाला नाही.

मागणी मोठ्या इमारतीची नाही. नाशिक रोड परिसरात रेल्वे स्थानकापासून एका बसने पोहोचता येईल अशी, धुळे, जळगाव, नंदुरबार आणि अहिल्यानगरहून येणाऱ्या विद्यार्थ्यालाही गाठता येईल अशी एक खोली असावी. तिच्यात सहा बाके असावीत, प्रत्येक हत्याराची जागा भिंतीवर त्याच्या आकाराची खाच पाडून ठरलेली असावी, जेणेकरून रिकामी खाच हाताला लागली की कोणते हत्यार जागेवर नाही ते कळेल. पहिले काही महिने फक्त हातकरवत, रंधा आणि पटाशी; यांत्रिक करवत त्यानंतर, आणि तीही जिची मांडणी निदेशकाने डोळे बांधून स्वतः करून पाहिली आहे अशीच. निदेशकांत किमान एक व्यक्ती अंध असावी. ज्या अभ्यासक्रमाच्या पात्रतेत पूर्ण अंधत्वाला वगळले असेल, तेथे ती अट कोणत्या कारणाने घातली आणि वर सांगितलेल्या साधनांनी ते कारण दूर होते का, याचा अहवाल मागवावा. डोळस निदेशकांच्या मनातील भीती खरी आणि प्रामाणिक असते, म्हणून तिला उत्तर आदेशाने देऊ नये. त्यांना ठोकळे आणि गज हातात देऊन, दिवे मालवून, एक फळी कापायला सांगावी.

नोटांवरच्या उठावाच्या रेषांची एक उणीव अंध ग्राहकांना चांगली ठाऊक आहे: नोट जुनी झाली, मळली, घडी पडली की त्या रेषा झिजून बोटाला लागेनाशा होतात. सुतारशाळेतील मापांच्या बाबतीत हा धडा आधीच घ्यावा. चिकटवलेले ब्रेल आणि उठावाचे ठिपके भुशात व घामात टिकत नाहीत, खाच टिकते. म्हणून ठोकळ्यांवर त्यांचे माप खाचांनी कोरलेले असावे, आणि ठोकळे सागाचे किंवा शिसवाचे, चांगले वाळलेले, धाग्यांची दिशा लांबीबरोबर ठेवून केलेले असावेत, कारण लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. अर्ध्या सुताचा आणि एका सुताचा तुकडा तेवढा लाकडाचा नसावा. तो पितळेच्या पट्टीतून कापून घ्यावा.

या शाळेतील पहिल्या तुकडीने कोणती वस्तू करावी हा प्रश्न उद्या बैठकीत निघेल, आणि कोणी तसबिरीची चौकट सुचवील, कोणी पाट, कोणी शाळेसाठी बाक. त्याआधी त्यांनी ठोकळ्यांचे संच करावेत: आठ तुकडे, काटकोनात कापलेले, खाचा कोरलेले, एका सरकत्या झाकणाच्या पेटीत बसवलेले. एक संच शाळेत राहील. बाकीचे संच विभागातील उरलेल्या चार जिल्ह्यांच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे, त्यांच्या सुतारकामाच्या निदेशकांच्या नावे, आपल्या कार्यालयाच्या पत्रासह पाठवता येतील.



आपला विश्वासू,
नाशिक रोड येथील एक रहिवासी